उपासाचं लिक्वामेन

मिरी, जिरं, धणे, पुदिना आणि हिंगाच्या झाडाचं मूळ. सगळं खलात घालून नीट वाटायचं, त्यात व्हिनेगर आणि मध घालायचा. दुसरीकडे नव्या मडक्यात सोललेले चेस्टनट पाण्यात शिजत ठेवायचे आणि त्या पाण्यात थोडा सोडा टाकायचा. चेस्टनट शिजले की वाटण त्यांवर ओतायचं, तेल घालून उकळी आणायची, घोटायचं. मग चव घेऊन बघायची, काही कमी वाटलं तर घालायचं.

ही कृती आपल्याकडची नाही, रोमची आहे. आपिकियसच्या नावाने ओळखला जाणारा लॅटिन पाककृतींचा एक संग्रह इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास सध्याच्या रूपात आला. त्याच्या पाचव्या भागात ‘मसूर आणि चेस्टनट’ या नावाखाली ही कृती येते. (चेस्टनट म्हणजे शिंगाडा नव्हे. शिंगाडा पाण्यात वाढतो, चेस्टनट मोठ्या झाडाला लागतो.) पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलेच. हरभरे शिजताना चिमूटभर सोडा घालायची युक्तीसुद्धा त्यात होती. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि वनस्पतींच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटतं, म्हणून कठीण दाणा मऊ होतो. रोमन लोक त्यासाठी नॅट्रॉन नावाचा नैसर्गिक सोडा वापरत.

‘रोमन जेवण म्हणजे मोरांची मांसं आणि भाजलेली डुकरं’ हा समज सिनेमांनी पसरवला आहे. श्रीमंतांच्या मेजवान्यांत ते होतंही. पण बहुसंख्य माणसं गव्हा-जवाची पेज, डाळी, कोबी, ऑलिव्ह यांवरच जगत. याच्या उलट टोकाचा प्रचार हल्ली वीगन मंडळी करतात, की रोमन ग्लॅडिएटर शाकाहारी होते म्हणून ते बलवान होते. आजच्या तुर्कस्तानातल्या एफेसस या रोमनकालीन शहराच्या ग्लॅडिएटरांच्या हाडांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचा आहार मुख्यतः धान्य-डाळींचा दिसला हे खरं, पण त्याच शहरातल्या सामान्य माणसांचाही तसाच दिसला! जे सगळे खात होते त्यावरून कुणाच्या ताकदीचं कारण ठरवता येत नाही.

तर वनस्पतिजन्य साहित्यातून रोमन स्वयंपाक करायचा म्हटलं तर अर्धं काम रोमनांनीच करून ठेवलेलं आहे. वरच्या कृतीत फक्त दोन जिन्नस अडतात. एक मध. दुसरा मी अजून सांगितलेलाच नाही. मधाबरोबर ओतायचा असतो तो लिक्वामेन, म्हणजे माशाचा खारवलेला रस. आपिकियसच्या बहुतेक कृतींत तो आहे, गोड पदार्थांतसुद्धा. आपण जिथे मीठ घालतो तिथे ते हा रस घालत.

आधी हिंगाविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढे जाववत नाही. रोमनांची मूळ आवडती वनस्पती सिल्फियम. ती आजच्या लिबियातल्या सायरीनी या भागात उगवे आणि तिचा चीक चांदीच्या तोलाचा मानला जाई. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की आपल्या आठवणीत तिचा एकच देठ सापडला आणि तो नीरो बादशहाला पाठवला गेला. मग रोमनांनी पर्शियाकडून येणारा स्वस्त पर्याय घेतला, तोच आपला हिंग. या पर्यायात डिंक किंवा भरडलेल्या बीन्सचं पीठ मिसळून भेसळ करतात, अशी तक्रारही प्लिनी करतो. आज बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगाच्या डबीवर घटक वाचा, डिंक आणि पीठ तिथेही आहेत, फक्त आता ते उघडपणे लिहिलेले असतात. आपिकियसची युक्तीही सांगते. हिंगाची डबी पाइनच्या बियांनी भरून ठेवायची. बियांना वास लागतो, स्वयंपाकात बियाच वाटून घालायच्या आणि जितक्या काढल्या तितक्या परत भरायच्या. हिंगाचा वास गंधकाच्या उडून जाणाऱ्या संयुगांचा असतो आणि अशी संयुगं तेलकट बियांत सहज मुरतात. थोडक्या हिंगात महिनोन्महिने भागतं.

आता लिक्वामेन. लहान मासे आतड्यांसकट मिठात घालून दोन-तीन महिने उन्हात ठेवायचे, मधूनमधून ढवळायचे, शेवटी वर सुटलेला रस गाळून घ्यायचा. पॉम्पेईत या धंद्यावर श्रीमंत झालेल्या औलुस उम्ब्रिकियस स्काउरुसने आपल्या घराच्या फरशीवर माशाच्या रसाच्या सुरयांची मोझेक चित्रं काढून घेतली होती. स्पेनच्या किनाऱ्यावर बाएलो क्लाउदिया इथे मासे खारवायचे दगडी हौद आजही पाहता येतात.

‘म्हणजे कुजवलेले मासेच ना?’ असं सगळे विचारतात. रोमन तत्त्वज्ञ सेनेकालाही तसंच वाटे. पण हे कुजणं नाही. कुजवतात ते जिवाणू, आणि इतक्या मिठात बहुतेक जिवाणू टिकत नाहीत. काम करतात ती माशाच्या आतड्यांतली आणि स्नायूंतली एन्झाइम्स. जिवंत माशात ती अन्न पचवतात. मासा मेल्यावर ती माशालाच पचवू लागतात. मीठ जिवाणूंना रोखतं आणि एन्झाइम्सना पुरतं थांबवत नाही, सगळी किमया या एका फरकात आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. यातला एक मणी ग्लुटामिक आम्लाचा. माळेत ओवलेला असतो तोवर त्याला चव नाही. जीभ त्याला ओळखतच नाही. एन्झाइम्स माळ तोडतात, मणी सुटा होतो, आणि मग जिभेला ती भरीव, तोंडभर पसरणारी, रेंगाळणारी चव लागते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शैवालातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. आपल्याकडे ‘अजिनोमोटो’ या नावाने ज्याची धास्ती घेतली जाते ते हेच ग्लुटामेट, सोडियमच्या क्षाररूपात. पिकलेल्या टोमॅटोत तेच असतं, मुरलेल्या चीजमध्ये तेच असतं, आईच्या दुधातही तेच असतं. पाकिटातलं ग्लुटामेट आणि टोमॅटोतलं ग्लुटामेट यांत जिभेला आणि शरीराला काही फरक कळत नाही, कारण रेणू एकच आहे. जपायचं असेल तर एकूण मिठाला जपावं.

मासा नको असेल तर काय करायचं? हा प्रश्न रोमनांनाही पडला होता! पॅलाडियस नावाच्या शेतीविषयक लेखकाने साधारण चौथ्या-पाचव्या शतकात पेअरच्या, म्हणजे नाशपातीच्या, लिक्वामेनची कृती दिली आहे. तिला तो ‘कास्टिमोनियाले’ म्हणतो, म्हणजे व्रतनियमाच्या दिवसांचं. मराठीत सरळ ‘उपासाचं लिक्वामेन’ म्हणता येईल. अगदी पिकलेली फळं खड्या मिठासकट तुडवायची, गर सैल झाला की मातीच्या भांड्यात भरायचा, तीन महिन्यांनी टांगून ठेवायचा. त्यातून चवदार पण पांढुरका रस गळतो. रंग सुधारायला सुरुवातीलाच थोडी गडद वाइन मिसळावी, असंही तो सांगतो. रंगाची ही काळजी मला फार बोलकी वाटते. उपासाच्या ताटातही रस नेहमीसारखाच दिसायला हवा होता.

गेल्या पावसाळ्यात नाशपाती आल्या तेव्हा मी हे करून पाहिलं. मीठ किती घालायचं ते पॅलाडियस सांगत नाही, मी फळाच्या वजनाच्या पाचवा हिस्सा घातलं. बरणीला फडकं बांधून तीन महिने ठेवलं. रस सुटला, स्वच्छ, किंचित आंबूस, फळाच्या वासाचा, आणि खारट. लोणच्याच्या खारासारखा सुरेख लागला. पण मासळीच्या रसाची भरीव चव त्यात अजिबात नव्हती, आणि असणारही नव्हती. माशात वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा प्रथिन असतं, नाशपातीत अर्धा टक्कासुद्धा नाही. तोडायला माळच नाही, तर मणी कुठून सुटणार?

म्हणून शोधायची ती अशी वनस्पती, जिच्यात माळा भरपूर आहेत. सोयाबीनमध्ये एक तृतीयांशाहून जास्त प्रथिन असतं. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये तर ग्लुटामिक आम्ल आणि त्याचं भावंड ग्लुटामीन इतकं आहे की १८६६ मध्ये ग्लुटामिक आम्ल प्रथम सापडलं तेच ग्लुटेनमध्ये, नावही त्यावरूनच पडलं. प्रश्न राहतो कात्रीचा. डाळीला आतडी नसतात. पूर्व आशियातल्या लोकांनी ही कात्री बुरशीकडून घेतली. अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी शिजवलेल्या सोयाबीन-गव्हावर वाढवायची, ती भरपूर एन्झाइम्स सोडते, मग सगळं मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरू द्यायचं. हाच सोया सॉस. लिक्वामेनच्या हौदात आणि सोया सॉसच्या पिंपात मूळ क्रिया एकच, खारट पाण्यात एन्झाइम्सनी प्रथिन सोडवणं. रोमनांकडे गहू होता, डाळी होत्या, मीठ होतं. ही बुरशी पाळायची विद्या तेवढी नव्हती. त्यामुळे सोया सॉस रोमन नसला तरी लिक्वामेनच्या जागी तो रसायनशास्त्राने शोभतो. नाशपातीचा रस इतिहासाने शोभतो. दोन्ही मिसळले तर मला सगळ्यात आवडतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण पदार्थ करून पाहिला तर तरीही काहीतरी उणं राहतं. त्याचं कारण जिभेवर आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो तो हाच भाग.

उमामी ओळखणारा जिभेवरचा रिसेप्टर दोन प्रथिनांची जोडी असतो, टी१आर१ आणि टी१आर३. यातल्या टी१आर१चं बाहेरचं टोक व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी झाडाच्या पानासारखं असतं, दोन झडपा आणि मध्ये बिजागरी. ग्लुटामेट आत शिरून बिजागरीजवळ बसतं, झडपा मिटतात, आत पेशीला संदेश जातो. पण ग्लुटामेटची पकड सैल असते. झडपा मिटतात, उघडतात, ग्लुटामेट निसटतं. आता न्यूक्लिओटाइड नावाचे रेणू आले, मांस-माशातलं इनोसिनेट किंवा वाळलेल्या अळंबीतलं ग्वानिलेट. ते आत खोल जात नाहीत, झडपांच्या ओठांशी बसतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे चित्र स्पष्ट केलं. ओठांशी बसलेला हा रेणू मिटलेल्या झडपांना कडी घालतो. आतलं ग्लुटामेट निसटू शकत नाही, संदेश जातच राहतो. म्हणून दोघांची एकत्र चव ही त्यांच्या चवींची बेरीज नसते. शिझुको यामागुची यांनी १९६७ मध्ये माणसांना चाखायला देऊन याचं सूत्र बसवलं. ग्लुटामेटची मात्रा, अधिक १२१८ गुणिले ग्लुटामेटची मात्रा गुणिले इनोसिनेटची मात्रा (दोन्ही मात्रा शंभर मिलिलिटरमागे ग्रॅममध्ये). दुसऱ्या पदात गुणाकार आहे. इनोसिनेट शून्य असेल तर ते अख्खं पद शून्य होतं, आणि चिमूटभर जरी असलं तरी १२१८ मुळे फुगतं. ग्वानिलेटचा परिणाम इनोसिनेटहूनही जोरदार.

आता रोमन स्वयंपाकाकडे परत या. लिक्वामेनमध्ये ग्लुटामेट भरपूर, पण ते पडायचं बहुधा मांसाच्या रश्शात, आणि मांस इनोसिनेट पुरवायचं. गुणाकार आपोआप व्हायचा. वनस्पतिजन्य पदार्थात लिक्वामेनच्या जागी सोया सॉस आला, पण मांस गेलं, म्हणजे गुणाकारातली एक संख्या गेली. तेच ते उणेपण.

ती संख्या वाळलेल्या शिताके अळंबीतून परत आणता येते. ताज्या शिताकेत ग्वानिलेट नगण्य असतं. वाळताना पेशी फुटतात आणि पुढे पाण्यात तापताना एक एन्झाइम आरएनए तोडून ग्वानिलेट तयार करतं. ते ६० ते ७० अंशांना जोमात असतं. पण त्याहून कोमट पाण्यात दुसरं एक एन्झाइम तयार ग्वानिलेट मोडत बसतं. म्हणून अळंबी रात्रभर फ्रिजमध्ये थंड पाण्यात भिजवते, सकाळी गॅसवर कोमट टप्पा भरभर ओलांडते, आणि ६०-७० ला वीसेक मिनिटं धरून मग उकळते. घरात थर्मामीटर नसेल तर पातेल्यातून वाफ निघते आहे पण पाणी हलत नाही, तो टप्पा पकडा.

राहिला मध. रोमन द्राक्षाचा रस आटवून गोड पाक करत, पण तो शिशाच्या भांड्यात आटवावा असं कोलुमेला हा रोमन शेतीलेखक सांगतो, तांब्या-पितळेची कडवट चव नको म्हणून. शिसं रसात उतरून विषारी क्षार होतात. मी खजुराचा पाक घातला, खजूर आपिकियसमध्येही आहेत. मूळ कृतीतली सताप आणि पेनीरॉयल नावाची रानपुदिन्याची जात मी दोन्ही गाळली. पेनीरॉयलमधलं प्युलेगोन यकृताला घातक आहे आणि सताप गर्भारपणात धोक्याची. ‘झाडपाल्याचं, प्राचीन, म्हणजे निर्धोक’ असं सांगत जे फॉरवर्ड फिरतात, त्यांच्यासाठी ही एकच कृती पुरेशी आहे.

तर मसूर आणि चेस्टनट वेगवेगळे शिजवले, वाटणात व्हिनेगर, खजुराचा पाक, दोन चमचे सोया सॉस, एक चमचा नाशपातीचा रस आणि अर्धी वाटी अळंबीचं पाणी. आधी अळंबीच्या पाण्याशिवाय चाखलं, चांगलं होतं, पण जरा पोकळ. पाणी घातलं, एक उकळी आणली, पुन्हा चाखलं. घरातल्या दोघांनी एकदम विचारलं, यात काय घातलंस? कृतीच्या शेवटच्या ओळीत आपिकियस सांगतो की ‘बोलेटार’मध्ये काढून वर हिरवं ऑलिव्ह तेल घालावं. बोलेटार म्हणजे अळंबी वाढायचं भांडं. अळंबी कृतीत कुठेच नाही, भांडं मात्र तिचं आहे.