भूत-रॉकेटं (स्वीडन, १९४६)

१९४६ साली स्वीडन आणि शेजारच्या नॉर्डिक देशांत आकाशातून रॉकेटसारखं काहीतरी जाताना असंख्य लोकांना दिसलं, तिकडच्या पेपरांनी त्याला स्पॉकराकेतर म्हणजे भूत-रॉकेटं म्हटलं. यूएफओचा इतिहास सहसा अमेरिकेत जून १९४७ पासून, केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला दिसलेल्या उडत्या तबकड्यांपासून सांगतात. ही लाट त्याच्या वर्षभर आधीची आहे आणि हिचा सरकारी पातळीवर नीट तपास झालेला आहे, त्यामुळे सुरुवात इथून धरणं जास्त बरोबर.

पहिली नोंद साधारणपणे फेब्रुवारीअखेरची, फिनलंडमधली मानतात. मे पासून स्वीडनमधे प्रमाण वाढलं, ९ जुलैला आणि मग ९ ते ११ ऑगस्टच्या आसपास कळस झाला. वर्षभराचा आकडा सुमारे २००० दिला जातो, त्यातल्या २०० च्या आसपास वेळा रडारवरही काहीतरी आलं असं म्हणतात. वर्णनं बरीचशी सारखी, सिगारसारखा लांबट आकार, कधी आखूड पंख, मागे ज्वाळा, आवाज बहुतेक नाहीच, आणि काही वस्तू थेट तलावात पडल्या.

लोकांच्या डोक्यात रॉकेटच का आलं ते समजून घेतलं पाहिजे. १३ जून १९४४ ला पेनेम्युंडे या बाल्टिक किनाऱ्यावरच्या जर्मन चाचणी तळावरून सोडलेलं व्ही-२ रॉकेट भरकटून दक्षिण स्वीडनमधे बेकेबोला पडलं होतं आणि त्याचे तुकडे पुढे ब्रिटनला गेले. युद्धानंतर पेनेम्युंडे रशियाच्या ताब्यात, म्हणजे रशियावाले हाती लागलेली रॉकेटं आमच्या डोक्यावरून उडवून बघतायत हा संशय अगदी साहजिक होता.

खरा वाद इथेच आहे. व्ही-२ चा पल्ला सुमारे ३२० किमी आणि व्ही-१ या जर्मन उडत्या बॉम्बचा साधारण २५० किमी, म्हणजे पेनेम्युंडेहून दक्षिण स्वीडन आवाक्यात येतं, पण उत्तरेचं नॉरबोटेन हजार किमीच्याही पलीकडे आहे आणि रिपोर्ट तिथूनही आले होते. शिवाय व्ही-१ चं इंजिन प्रचंड आवाज करायचं आणि व्ही-२ खाली येताना आवाजाच्या कितीतरी पट वेगात असायचं, शांतपणे आडवं जाताना दिसणं या दोघांनाही बसत नाही. रशियाने आपल्या भूमीवरून पहिलं व्ही-२ उडवलं तेही ऑक्टोबर १९४७ मधे, कापुस्तिन यार या चाचणी तळावरून. हे सगळं बघता रशियन चाचण्यांचं मत आता फार टिकत नाही. उल्कांचं मत जास्त पटतं कारण ऑगस्टचा कळस दरवर्षी ऑगस्टमधे होणाऱ्या पर्सिड उल्कावर्षावाला लागूनच आहे आणि ९ जुलैचा गाजलेला फोटोही दिवसा दिसलेल्या उल्केचाच असावा. मात्र मे-जूनचे रिपोर्ट पर्सिडमधे बसत नाहीत आणि रडारचा प्रश्न उरतोच.

सरकारने जुलैमधे संरक्षण मुख्यालयाच्या देखरेखीखाली समिती नेमली आणि लोकांकडून माहिती मागवली. जुलैअखेरीस पेपरांना जागांची नावं छापायला मनाई झाली, कारण कोणी चाचण्या करत असेल तर नेम कुठे लागला हे त्याला आयतं कळायला नको. नॉर्वेनेही तेच केलं. १९ जुलैला नॉरबोटेनमधल्या कोल्मयार्व तलावात पंख असलेली राखाडी वस्तू पडताना लोकांनी पाहिली. कार्ल-गोस्टा बार्टोल या लष्करी अधिकाऱ्याच्या तुकडीने कित्येक दिवस तलाव धुंडाळला, तळ ढवळलेला मिळाला पण वस्तू नाही. ती हलक्या मिश्रधातूची असून तिचे तुकडे तुकडे झाले असावेत असं बार्टोलचं मत होतं.

गोळा झालेले ३० एक तुकडे तपासले तर बहुतेक कोक (म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, जो मुख्यतः कार्बनच असतो) आणि भट्टीची मळी. यातलाच नमुना ब्रिटनमधे गेला, तिथल्या लॅबने ९८ टक्के भाग अज्ञात मूलद्रव्य आहे असं कळवलं, तेव्हा हवाई गुप्तचर विभागाचे आर. व्ही. जोन्स यांनी विचारलं की कार्बन तपासला का, तर तो तपासलाच नव्हता! जोन्स यांचा मुख्य मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, की इतकी रॉकेटं उडत असतील तर काही तरी बिघडून पडणारच आणि एकाचाही सांगाडा मिळत नाही.

ऑक्टोबरच्या लष्करी निवेदनात सुमारे ८० टक्के प्रकार नैसर्गिक असल्याचं सांगितलं, पण रडारवरच्या काही वस्तू निसर्गाच्या, कल्पनेच्या किंवा स्वीडिश विमानांच्या खात्यात टाकता येत नाहीत असंही मान्य केलं. एवढं मोकळेपणाने सांगणारी सरकारं कमीच. परदेशी चाचण्यांचा पुरावा मात्र वर्षअखेरपर्यंत मिळाला नाही.

१९४८ च्या एका अमेरिकी हवाई दलाच्या गुप्त कागदात स्वीडिश गुप्तचरांच्या तोंडी हे तंत्र पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात संस्कृतीचं नाही असं मत आहे, हा कागद १९९७ मधे खुला झाला आणि तेव्हापासून सतत पुढे केला जातो. ते काही जणांचं मत आहे, समितीचा निष्कर्ष नाही, एवढं लक्षात ठेवून तो वाचावा.

सप्टेंबर १९४६ मधे ग्रीसमधूनही असेच रिपोर्ट आले, पंतप्रधान त्साल्दारिस यांनी मॅसेडोनिया (ग्रीसचा उत्तरेकडचा प्रांत) आणि तिथल्या थेस्सालोनिकी शहरावर रॉकेटं दिसल्याचं जाहीर सांगितलं.