गोळीच्या वाटेतली नागपूरची हवा

रायफलची गोळी सरळ जाते असं आपण धरून चालतो. खरं तर नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडत असते. .३०८ विंचेस्टर काडतुसातली ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७९० मीटर वेगाने निघते आणि हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, पोचेपर्यंत दहा मीटरहून जास्त खाली आलेली असते. हवाच नसती तर ती साडेसहा मीटरच पडली असती. उरलेली सगळी घट हवेमुळे.

ही घट तळहातावर मावणारा बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर मोजतो. गोळीच्या प्रवासाचे तो बारीक तुकडे पाडतो. या तुकड्यात वेग किती, त्या वेगाला हवेचा रोध किती, पुढच्या तुकड्यासाठी वेग किती उरला, असं करत निशाणापर्यंत जातो आणि स्कोपची, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीची, चकती किती क्लिक फिरवायची ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा एकाच मार्गाचं गणित मेजावरच्या यंत्रावर करायला वीसेक तास लागत. तोफांचे तक्ते लवकर व्हावेत म्हणूनच अमेरिकी सैन्याने एनियाक हा खोलीभर संगणक बांधून घेतला. १९४६ साली तो जगापुढे आला, तेव्हा हे काम अर्ध्या मिनिटात होऊ लागलं.

कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ जिंकलं ते ५० मीटरच्या स्पर्धेत. तिथे हवेच्या घनतेची फारशी चिंता नसते. हजार यार्डांवर मात्र ऋतू बदलला की गणित बदलतं, आणि नागपूरसारख्या गावात ते फारच बदलतं. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना इथल्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो भरतं. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांना ते १.०६ किलोपर्यंत उतरतं. हवा विरळ, रोध कमी. हिवाळ्यात जुळवलेला नेम उन्हाळ्यात तसाच ठेवला तर गोळी अर्ध्या मीटरहून जास्त वर लागेल. त्यात काडतुसं उन्हात तापली असतील तर दारू अधिक जोराने जळते, सुटतानाचा वेगही वाढतो आणि गोळी आणखी वर जाते.

सगळ्यात फसवा आकडा हवेच्या दाबाचा. हवामान खात्याच्या बातमीपत्रात दाब समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो, कारण त्याशिवाय दोन गावांची तुलना होत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. इथला प्रत्यक्ष दाब त्या आकड्यापेक्षा ३५ हेक्टोपास्कलच्या आसपास कमी असतो. गोळी प्रत्यक्ष हवेतून जाते. बातमीतला आकडा जागेवरचा दाब म्हणून भरला, तर यंत्र हवा आहे त्यापेक्षा दाट धरतं आणि नेम वीसेक सेंटिमीटर वर चढतो. म्हणून ज्या यंत्रात दाबमापक बसवलेला असतो, त्यावर माझा जास्त विश्वास आहे.

दमट हवा जड असते हा समज इथे सोडून द्यावा. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजनपेक्षा हलका, त्यामुळे पावसाळी हवा किंचित विरळच असते. पृथ्वीचं फिरणंही यंत्र हिशेबात घेतं. नागपूरच्या २१ अंश अक्षांशावर त्यामुळे गोळी चारेक सेंटिमीटर उजवीकडे सरकते. पूर्वेकडे झाडली तर दहाएक सेंटिमीटर वरही लागते.

वाऱ्याचं गणित मला सगळ्यात सुंदर वाटतं. आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकेल हे तिच्या पूर्ण उड्डाणकाळावर ठरत नाही. हवेच्या रोधामुळे निर्वातापेक्षा जो जास्तीचा वेळ लागला, तेवढ्यालाच वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. आपल्या गोळीला तो अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला चार मीटरचा वारा तिला दोन मीटर बाजूला नेतो. मेमध्ये हवा विरळ असल्याने हा जास्तीचा वेळ घटतो आणि गोळी वाऱ्यालाही कमी बधते.

पण यंत्राचा वातमापक नेमबाजाच्या हातातला वारा मोजतो. सहाशे मीटरवर झुडपांपलीकडे काय चाललंय, ते त्याला कळत नाही. नागपूरच्या उन्हात जमिनीवरून उठणारं मृगजळ तिथे कामी येतं: दुर्बिणीतून त्याच्या लहरी सरळ वर उठताना दिसल्या तर आडवा वारा जवळपास नाही, एका बाजूला कलल्या तर हलका वारा त्याच दिशेने वाहतोय, आणि पार आडव्या धावू लागल्या तर तो बराच वाढलाय. हा अंदाज डोळ्यानेच घ्यावा लागतो आणि यंत्रात हाताने भरावा लागतो.