द्राक्षाचा पफ, एअर फ्रायर आणि पाण्याचा हिशोब

एअर फ्रायरमध्ये फळं भरलेले पफ करणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते. वरून मस्त सोनेरी झाला पण खालून लिबलिबीत राहिला, नाहीतर सारण फुटून जाळीत सांडलं आणि तिथेच जळून चिकटलं. मग दोष मशीनला जातो किंवा रेसिपीला. पण मला विचाराल तर हा सगळा पदार्थ एकाच गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे पाणी. शीटमधल्या, म्हणजे पफच्या बाहेरच्या पदरदार लाटलेल्या कणकेतल्या, पाण्याची झटक्यात वाफ व्हायला हवी आणि ती निघून जायला हवी, आणि फळातलं पाणी मात्र आहे तिथेच अडकून राहायला हवं. एवढं जमलं की बाकी काम अगदी सोपं आहे, खरंच सोपं, दहावीतलं पोरगंसुद्धा करेल.

आधी शीटचं बघू. बेकरीतली खारी किंवा पॅटिस तोडलं की जे पापुद्रे सुटतात ना, तेच हे. मैद्याची कणीक, त्यात लोण्याची किंवा मार्जरिनची लादी, मग लाटायचं, तीन घड्या घालायच्या, फ्रिजमध्ये ठेवायचं, परत लाटायचं. एका वेळी तीन पदर, त्याचे पुन्हा तीन, असं सहा वेळा केलं की ३ चा सहावा घात, म्हणजे लोण्याचे ७२९ थर होतात, आणि हे सगळे तीन-चार मिलिमीटर जाडीच्या शीटमध्ये, त्यामुळे एकेक थर आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. विकतच्या शीटमध्ये थर कमी असू शकतात पण तत्त्व तेच.

आता ही शीट गरम हवेत गेली की लोणी वितळतं, पण त्याच वेळी कणकेतलं पाणी उकळायला लागतं. लोण्यातही पाणी असतंच, ८० टक्के फॅट आणि १६-१७ टक्के पाणी. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान साधारण १६०० पट वाढतं, सोळाशे पट! वितळलेलं फॅट त्या वाफेला वरच्या थरात सहज घुसू देत नाही, त्यामुळे वाफ थराला खालून उचलते आणि शीट फुलते. तेवढ्यात मैद्यातलं ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) आणि स्टार्च शिजून घट्ट होतं आणि फुललेला आकार तसाच पक्का बसतो. हे पक्कं व्हायच्या आत पफ बाहेर काढला तर आतली वाफ थंड होऊन परत पाणी होते आणि पफ बसतो. म्हणून पहिली सात-आठ मिनिटं ड्रॉवर उघडून बघायचा मोह आवरायचा. काचेची खिडकी असलेलं मशीन असेल तर मात्र जरूर बघा, चौथ्या-पाचव्या मिनिटाला कडेचे पदर एकमेकांपासून सुटायला लागतात, आधी कोपरे उचलतात, मग मधला भाग हळूहळू फुगतो, आणि कडेला लोण्याचे बारीक बुडबुडे चुरचुरताना दिसतात, ती त्या पाण्याचीच वाफ बाहेर पडत असते.

(नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० नाही तर ९८ अंशाच्या आसपास उकळतं. पफला याने काही फरक पडत नाही, पण आपल्या गावाचं हे गणित माहीत असलेलं चांगलं.)

यातून एक नियम निघतो तो म्हणजे शीट थंडगार हवी आणि मशीन आधीपासून तापलेलं हवं. लोणी ३२ ते ३५ अंशाला पूर्ण वितळतं, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी आपल्या स्वयंपाकघरात तेवढं तापमान सहज असतं. लोणी ओट्यावरच वितळलं की ते कणकेत मुरतं, थर एकमेकांना चिकटतात, मग वाफेला उचलायला काही उरतच नाही आणि पफच्या जागी जाड तेलकट बिस्किट मिळतं. थंडीत, नाशिकजवळच्या निफाडचा उतरलेला पारा वर्तमानपत्रात यायला लागतो तेव्हा, हे काम सगळ्यात छान होतं. उन्हाळ्यात शीट कापायची, लगेच परत फ्रिजमध्ये, सारण भरायचं, परत पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये, असं करा.

मशीनबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की त्यात काहीतरी तळलं जातं. तळत बिळत काही नाही, वर तापणारी कॉइल आणि तिच्या डोक्यावर जोरात फिरणारा पंखा, बस. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात हे यंत्र बाजारात आणलं, मागे डोकं फ्रेड व्हान डर वाय या डच माणसाचं. तत्त्व नवीन नव्हतं, कन्व्हेक्शन ओव्हन आधीही होते, पण इथे डबा छोटा आणि वारा जोराचा. कुठल्याही पदार्थाभोवती स्थिर हवेचा एक पातळ थर असतो आणि तो उष्णता अडवतो. गरम चहावर फुंकर मारली की तो लवकर गार होतो कारण फुंकर तो थर उडवून लावते, इथे तेच उलट्या दिशेने होतं, गरम वारा तो थर सतत उडवतो आणि उष्णता भराभर आत जाते. शिवाय बाहेर आलेली वाफही पफभोवती रेंगाळत नाही, लगेच वाहून जाते, आणि कुरकुरीतपणा म्हणजे शेवटी पृष्ठभाग कोरडा होणंच. म्हणून ओव्हनच्या रेसिपीत २०० अंश लिहिलं असेल तर इथे १८० पुरतं, वेळही कमी लागतो.

आता यावरून खालून ओलं का राहतं ते लक्षात येईल. आमच्या सोसायटीतल्या एक काकू विचारत होत्या, "अगं मी तर खाली बटर पेपर घालते, तरी खालून चिकटच राहतं." काकू, पेपर घालता म्हणूनच राहतं! जाळीची भोकं झाकली की खालून वारा बंद आणि वाफ खाली कोंडते. जाळीला नुसता तुपाचा हात फिरवा आणि पफ थेट ठेवा, दोन पफमध्ये बोटभर जागा सोडा. पेपर हवाच असेल तर भोकं पाडलेला वापरा, आणि रिकाम्या मशीनमध्ये पेपर ठेवून प्रीहीट तर अजिबात करू नका, वाऱ्याने तो उडून थेट तापलेल्या कॉइलला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो.

फळ हा खरा महत्त्वाचा भाग आहे, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. द्राक्षात साधारण ८० टक्के पाणी, पेरूतही तेवढंच, सफरचंदात ८५ च्या आसपास आणि स्ट्रॉबेरीत तर ९० टक्के. असं कच्चं फळ शीटमध्ये भरलं की उष्णतेने पेशी फुटतात, सगळं पाणी शीटमध्ये उतरतं, आणि भिजलेली शीट कोरडी व्हायच्या आत वरची बाजू करपते. म्हणून फळ आधी शिजवून घ्यायचं, याला शॉर्टकट नाही.

द्राक्षाची रीत सांगते. पाव किलो बिनबियांची द्राक्षं, हिरवी किंवा काळी, अर्धी चिरायची, दोन टेबलस्पून साखर घालून अर्धा तास ठेवायची. आपल्याकडचे बागाईतदार माल उतरवायच्या आधी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं साधारण शेकडा प्रमाण, मोजतात, चांगल्या द्राक्षाचा १६ ते १८ येतो, म्हणजे मुळातच एवढी गोडी आहे, तर साखर गोड करायला कमी आणि पाणी ओढायला जास्त. बाहेर साखरेचा दाट द्रव, आत पेशीत पातळ रस, मग ऑस्मोसिसने पाणी आतून बाहेर येतं आणि भांड्यात रस साठतो. आता युक्ती अशी की आधी फक्त तो रस पॅनमध्ये घेऊन निम्मा होईपर्यंत आटवायचा आणि मग फोडी टाकायच्या, म्हणजे फोडींचा लगदा होत नाही. एक सपाट टेबलस्पून कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून त्यात ओतायचं. आधी सगळं दुधट गढूळ दिसतं, ढवळत राहा, आणि मग अर्ध्याएक मिनिटात रंग एकदम पालटतो, गढूळपणा जातो, काचेसारखी चमक येते आणि चमच्याच्या मागे पॅनचा तळ दिसायला लागतो. हे घडतं कारण साधारण ६५-७० अंशाच्या पुढे स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात, साखर जास्त असेल तर थोडं अजून वर, आणि ते पाणी त्या जाळ्यात अडकून बसतं. पाणी गेलेलं नाही बरं का, फक्त ते आता वाहत नाही.

चमक आली की एक मिनिट अजून आणि गॅस बंद. जास्त उकळू नका, कारण द्राक्ष आंबट असतं, त्यात टार्टारिक आम्ल असतं, आणि आम्ल व उष्णता मिळून स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतात, मग दाट झालेलं सारण परत पातळ होतं. लिंबू पिळायचं असेल तर तेही गॅस बंद केल्यावरच. आणि सारण पूर्ण गार करायचं, फ्रिजमधून काढल्यासारखं गार, कारण कोमट सारण आतून लोणी वितळवतं.

पेरूला हा सगळा खटाटोप कमी लागतो कारण त्यात पेक्टिन भरपूर, तो आपोआप घट्ट होतो, कॉर्नफ्लोअर निम्मं पुरतं, फक्त बिया गाळून घ्या. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी मिळाली तर घ्याच, पण रस जास्त वेळ आटवावा लागतो. आंब्याचा दाट रस चांगला, केळं तर न शिजवता चालतं. डाळिंबाचे दाणे भरू नका, आत बिया टणक होतात आणि रस सगळा बाहेर पडतो.

भरणं सोपं आहे. दहा सेंटिमीटरचे चौकोन, मधोमध एकच टेबलस्पून सारण, जास्त नाही, कडेला पाण्याचं बोट, त्रिकोणी दुमड, काट्याने कडा दाबा, वर सुरीने दोन चिरा द्या. या चिरा म्हणजे सारणातून उठणाऱ्या वाफेची वाट, नाही दिल्या तर ती स्वतः वाट करते, बहुतेक वेळा कडेतूनच. आणि द्राक्षाचा रस बाहेर आला की तो लगेच काळा पडतो, कारण त्यात फ्रुक्टोज असतं आणि फ्रुक्टोज ११० अंशालाच कॅरमल व्हायला लागतं, साध्या साखरेला १६० लागतात. वरून दुधाचा हात फिरवा. दुधातली प्रथिनं आणि साखर मिळून १४० अंशाच्या वर तो खमंग सोनेरी रंग आणि वास तयार करतात, लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार रिॲक्शन म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, बेसनाचा लाडू, सगळीकडे हीच असते.

१८० अंशावर बारा ते चौदा मिनिटं, दहाव्या मिनिटाला एकदा उलटायचा. रंग सोनेरी झाला की थांबा, चॉकलेटी करू नका. पिठाचे पदार्थ १२० अंशाच्या वर जास्त भाजले की ॲक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं, स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हे पुढे आणलं, आणि जितका रंग गडद तितकं ते जास्त. आणि एअर फ्रायरमध्ये केलं म्हणजे डाएट झालं असं मनात आणू नका, शीटच्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा फॅटच असतं, तेल वरून घातलं नाही एवढंच. पाकिटावर लोणी आहे की वनस्पती फॅट ते मात्र वाचून घ्या, चवीत खूप फरक पडतो.

शीट मिळाली नाही तर आपल्या घरातलाच उपाय आहे, चिरोट्याचा साटा. तूप आणि कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी फेसून ते तीन पोळ्यांना लावायचं, एकावर एक रचून गुंडाळी, लाट्या कापायच्या, लाटून आत सारण. मला हा प्रकार विकतच्या शीटपेक्षा जास्त आवडतो. पिठीमुळे तूप दाट राहतं आणि कणकेत मुरत नाही, म्हणून पदर सुटतात. पण तुपात पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे वाफ फक्त कणकेची आणि पफसारखं फुगत नाही, ते करंजीसारखं खुसखुशीत होतं. तेलात करंजी लवकर होते कारण द्रव तेल हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता देतं, इथे १७० वर पंधरा-सोळा मिनिटं धरा आणि वरून तुपाचा हात विसरू नका, नाहीतर पिठूळ पांढरं दिसतं.

बाहेर काढल्यावर पफ ताटात ठेवू नका, खाली वाफ धरते, जाळीवर ठेवा. मुलांना लगेच देऊ नका, कवच गार लागतं पण आतलं सारण तसंच कढत असतं, कारण पाण्यात उष्णता खूप साठते आणि दाट सारण हलत नसल्याने ती सुटत नाही, जीभ चांगली पोळते. दुसऱ्या दिवशी पफ मऊ पडला तर मायक्रोवेव्ह नको, एअर फ्रायरमध्येच १६० वर तीन-चार मिनिटं. द्राक्षाच्या सीझनमध्ये भरलेले कच्चे पफ ताटलीत सुटे सुटे गोठवून मग डब्यात भरले तर दोन महिने छान राहतात, न वितळवता थेट मशीनमध्ये, चार मिनिटं जास्त. पिठीसाखर भुरभुरायची असेल तर ती पूर्ण गार झाल्यावर, कोमट पफवर ती ओलावा ओढून लगेच विरघळते.