अरबी शास्त्रीय संगीताचं पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कैरोत बहरलेली आणि १९३० नंतर हळूहळू मागे पडलेली मकाम-गायकी (म्हणजे तिकडच्या रागांचं गाणं) पुन्हा मैफिलीत आणायची जी धडपड इजिप्त, लेबनॉन, सीरियात चालू आहे, तिला हे नाव देता येईल.

अब्दू अल-हमूली (मृत्यू १९०१) आणि यूसुफ अल-मनयलावी (मृत्यू १९११) हे त्या काळचे मोठे गवई. साथीला 'तख्त' असायचा, म्हणजे ऊद (आखूड मानेचं तंतुवाद्य), कानून (स्वरमंडळासारखं वाद्य), नाय (बोरूची बासरी), व्हायोलिन आणि रिक्क नावाची छोटी खंजिरी, एवढेच चार-पाच जण. सगळे एकच चाल वाजवायचे पण प्रत्येकजण आपापल्या हरकती घेत, त्यामुळे ऐकताना ती चाल सारखी हलत राहते. आपल्याकडे राग तसा तिकडे मकाम. 'लयाली'मध्ये गायक 'या लैल, या ऐन' एवढ्याच शब्दांवर मकाम उलगडत नेतो, आलापाच्या फार जवळचा प्रकार आहे हा. रास्त, बयाती अशा मकामात मात्र कोमल आणि शुद्धच्या मधले स्वर लागतात, ते पियानोवर वाजतच नाहीत.

याच पियानोवरून १९३२ च्या कैरो परिषदेत मोठा वाद झाला. राजा फुआदनं भरवलेल्या या परिषदेला बार्टोक, हिंडेमिथसारखे युरोपियन संगीतकारही आले होते, आणि गंमत बघा, कितीतरी युरोपियन पाहुणे म्हणत होते की जुनं आहे तसं जपा आणि बऱ्याच इजिप्शियन मंडळींना नवी वाद्यं हवी होती. (आपल्याकडे १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियम बंद केली ती साधारण याच स्वरांच्या काळजीपोटी.) परिषदेत एचएमव्हीनं केलेली रेकॉर्डिंग्ज आज अमूल्य आहेत. पण पुढे रेडिओ आणि सिनेमा आले, तख्ताचा मोठा ऑर्केस्ट्रा झाला, सगळं नोटेशनवर बसवलं गेलं आणि गायकाला जागच्या जागी काही सुचायला वावच उरला नाही.

१९६७ मध्ये अब्देल हलीम नुवैरा यांनी कैरोत जुन्या रचनांसाठी खास वृंद काढला. रचना टिकल्या हे खरं, पण कोरस लावून एकसाथ गायल्यानं त्यातली उपज, म्हणजे जागच्या जागी सुचणं, गेली आणि माझ्या मते खरं नुकसान तेच आहे. याच्या उलट वाट इजिप्शियन ऊदवादक-गायक मुस्तफा सईदची. २००३ मध्ये त्यानं 'असील' नावाचा छोटा वृंद काढला. तिथे कान आणि उपज हेच मुख्य. २००९ मध्ये लेबनॉनमध्ये कमाल कस्सार यांनी 'अमार' ही संस्था काढली, तिनं हजारो जुन्या तबकड्या जमवून डिजिटल केल्या, मनयलावीचं गाणं २०११ मध्ये सीडींच्या संचात आणलं. सीरियातल्या अलेप्पोत तर परंपरा पुरती तुटलीच नव्हती, सब्री मुदल्लल यांच्यासारखे गायक धार्मिक गायनातून ती सांभाळून होते.

तबकडीवरून शिकणं सोपं नाही. एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं बसायची, म्हणून लांबलचक 'दौर' (एक मोठी बंदिश) तुकड्या-तुकड्यांत कापलेला सापडतो. सुरुवातीला कुणीतरी कंपनीचं आणि गायकाचं नाव ओरडून सांगतो, मधेच साथीदार 'अल्लाह!' म्हणून दाद देतात. शिवाय रेकॉर्डिंगचा वेग तेव्हा ठरलेला नसायचा, त्यामुळे तबकडी थोडी जरी हळू किंवा जोरात फिरली तरी गायकाची पट्टी बदलते, मग तो नेमका कुठल्या पट्टीत गात होता हे आधी शोधावं लागतं आणि त्यानंतरच ऊद सुरात लावायला घेता येतो.