टपावरची पेटी आणि धडकेचे गणित

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदुरातील अनेक मराठी कुटुंबे मोटारीने नाशिक-पुण्याकडे निघतात. अलीकडे त्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या टपावर ताडपत्रीत गुंडाळलेल्या बॅगांऐवजी प्लास्टिकची बंद, कुलूपवाली पेटी, म्हणजेच रूफ बॉक्स, दिसू लागली आहे. पावसापासून आणि चोरीपासून ती सामान वाचवते, यात शंका नाही. मात्र गाडी कशावर तरी आदळली, तर ही पेटी जागेवर राहील का, हा प्रश्न खरेदी करताना क्वचितच कोणी विचारतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारी चाचणी होते. छतावरील सामानवाहकांसाठी आयएसओ 11154 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याला अनुसरून केल्या जाणाऱ्या चाचणीला उत्पादक ‘सिटी क्रॅश’ म्हणतात. तिच्यासाठी संपूर्ण गाडी फोडावी लागत नाही. रुळावरून धावणाऱ्या एका ढकलगाडीवर, म्हणजे स्लेडवर, छताच्या जागी योग्य आधार उभारून त्यावर आडवे दांडे आणि भरलेली पेटी बसवतात आणि शहरातल्या साधारण 30 किमी वेगाच्या धडकेइतका झटका देतात. पेटी दांड्यांवरून सुटता कामा नये आणि आतले सामान बाहेर फेकले जाता कामा नये, अशी अपेक्षा असते.

ताशी 30 किमी म्हणजे सेकंदाला सुमारे 8.3 मीटर. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपत ती अर्ध्या मीटरमध्ये थांबली असे धरले, तर तिची गती गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे सातपट दराने कमी होते. पेटी आणि सामान मिळून 70 किलो असेल, तर त्या क्षणी क्लॅम्पवर, म्हणजे पेटी दांड्यांना घट्ट धरणाऱ्या पकडींवर, जवळजवळ अर्ध्या टनाचा ओढा येतो. वेग दुप्पट, म्हणजे 60 किमी केला आणि थांबण्याचे अंतर तेवढेच ठेवले, तर ओढा चौपट होऊन दोन टनांच्या घरात जातो. जास्त वेगात गाडी जास्त चेपते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. पण 30 किमीच्या चाचणीत टिकलेली पेटी महामार्गावरच्या धडकेतही टिकेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

सामान, त्याला आवळणारा पट्टा, पेटीचे कवच, क्लॅम्प, आडवे दांडे आणि छतावरची रेल अशी ही साखळी आहे आणि ती सर्वांत कच्च्या दुव्यापाशी तुटते. पेटी मोकळी भरली असेल, तर गाडी थांबते तेव्हा आतली जड बॅग गाडीच्याच मूळ वेगाने पुढे सरकत राहते आणि एबीएस प्लास्टिकच्या पातळ पुढच्या भिंतीवर आदळते. ती भिंत वाऱ्यासाठी घडवलेली असते, 20 किलोच्या बॅगेसाठी नव्हे. म्हणून जड सामान दोन दांड्यांच्या मधोमध ठेवून पेटीतल्या पट्ट्याने आवळायचे आणि पुढे-मागे हलक्या, मऊ वस्तू भरायच्या.

आता वजनाची मर्यादा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण मोटारीच्या छताने तिच्या वजनाच्या तिप्पट दाब सोसावा लागतो, आणि तरीही अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत छतावर जेमतेम 50 ते 75 किलो भार सांगितलेला असतो. यात विसंगती नाही. पहिला आकडा गाडी उलटल्यावर प्रवासी चिरडू नयेत म्हणून असतो, तर दुसरा आकडा धावत्या, वळणाऱ्या, ब्रेक लावणाऱ्या गाडीसाठी असतो. शिवाय 75 किलोत दांडे आणि पेटी यांचेही वजन मोजायचे असते. त्यांचे 25 किलो वजा केले की सामानासाठी 50 किलोच उरतात. विक्रेते हे सहसा आपणहून सांगत नाहीत.

समजा, 1100 किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंमीवर आहे. तिच्या छतावर 1.7 मीटर उंचीवर 75 किलो चढवले, तर तो मध्य सुमारे 7 सेंमी वर जातो आणि उलटण्याला होणारा विरोध दहा-बारा टक्क्यांनी घटतो. मानपूरच्या पुढे घाट उतरून खलघाटला नर्मदा गाठायची, पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट, अशा रस्त्यावर हा फरक वळणावर आणि अचानक ब्रेक लावताना चालकाला जाणवतो.

धडक-चाचणी करून गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅप या सरकारी योजनेचे तारे या बाबतीत उपयोगी पडत नाहीत. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या या योजनेत गाडी ताशी 64 किमी वेगाने चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात, पण तिच्या छतावर सामान लादलेले नसते. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किमी लांबीचा अतिवेगवान चाचणीपथ आहे. पेटी बसवलेली गाडी ब्रेक लावताना आणि आडव्या वाऱ्यात कशी वागते, याचे आकडे अशा ठिकाणी मोजून पुस्तिकेत छापले गेले, तर ग्राहकाला ताऱ्यांपेक्षा त्यांचा अधिक उपयोग होईल, असे मला वाटते.

पेटी बसवून निघाल्यावर थोडे अंतर गेले की थांबून क्लॅम्प पुन्हा आवळून पाहावेत, कारण हादऱ्यांनी ते सैल होतात. किरकोळ का होईना, पण धडक झाली असेल, तर पेटी, दांडे आणि क्लॅम्प असा सगळा संच बदलावा. ॲल्युमिनियमच्या दांड्याला आलेला बाक आणि प्लास्टिकमधली बारीक चीर नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही.