किरकोळ व्यापार : रोजगार आणि करमहसूल (महाराष्ट्र)

घाऊक बाजारातून माल उचलून तो थेट गिऱ्हाइकाला विकणे म्हणजे किरकोळ व्यापार. वाण्याचे दुकान, औषधांचे दुकान, आठवडी बाजारातली पथारी आणि मॉल हे सारे त्यातच येते. देशात काम करणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे १२ जण व्यापार, हॉटेल व उपाहारगृहे या गटात असल्याचे २०२२-२३ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात दिसले.

यातला मोठा भाग घरच्यांचाच. दुपारी मालक जेवायला गेला की बायको गल्ल्यावर बसते, शाळेतून आलेला मुलगा शेंगदाणे जोखून देतो. पाहणीत अशा माणसांना ‘मदतनीस’ म्हणतात. त्यांना पगार नसतो. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० कामगारांपासून लागू होतो, त्यामुळे पगारी नोकरही बहुधा त्याच्या बाहेरच राहतो. या क्षेत्राने रोजगार दिला हे खरे, पण त्या रोजगाराला आधार फार थोडा आहे.

छोटा दुकानदार कर भरत नाही, हा समज चुकीचा आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू आहे. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. समजा, अशा दुकानदाराने १०० रुपयांचा माल ५ टक्के कर भरून १०५ रुपयांना आणला. ते ५ रुपये त्याला परत मिळत नाहीत, ते विक्रीच्या किमतीतच मिसळतात. नोंदणी असलेला दुकानदार तोच माल कर सोडून ११० ला विकतो, गिऱ्हाइकाकडून साडेपाच रुपये कर घेतो आणि आधीचे ५ वजा करून ५० पैसे सरकारजमा करतो. म्हणजे लहान दुकानात सुटतो तो नफ्यावरचा ५० पैसे कर. बाकीचा तिजोरीत आधीच पोचलेला असतो. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का भरून मोकळे होता येते. मात्र तो गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही.

त्याआधी मुंबई प्रांतात १९४६ पासून विक्रीकर होता आणि २००५ पासून मूल्यवर्धित कर. शहरांची मदार जकातीवर होती. तिच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांसाठी तो उठला. मुंबईची जकात मात्र २०१७ पर्यंत टिकली.

व्यवसाय कराची गोष्ट वेगळी आणि अभिमानाची आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, त्यासाठी १९७५ मध्ये हा कर बसवण्यात आला. राज्यघटनेनुसार तो माणशी वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. शहरातल्या दुकानदाराच्या या पैशातून बांधबंदिस्तीवर आणि पाझर तलावांवर राबणाऱ्यांची मजुरी निघाली.