ताणलेली ट्यूबच आधी का तडकते?

मे महिन्यात वावरात मोटरच्या काळ्या पाइपाला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडायला गेलो, तर ती हातातच तुटली. बाबा म्हणाले, "उन्हानं जळली." पट्टी निरखून पाहिली. जिथे ताणून गुंडाळली होती तिथेच भेगा, त्याही ताणाला आडव्या. गाठीबाहेर लोंबणारं टोक तेवढ्याच उन्हात असून शाबूत!

भेगा पाडतो हवेतला ओझोन. धूर आणि ऊन यांतून तो जमिनीलगतही तयार होतो, म्हणून उन्हाचा हात आहेच, पण आडून. नैसर्गिक रबराच्या साखळीत दर चार कार्बनांमागे एक दुहेरी बंध असतो. ओझोन नेमका तिथेच साखळी कापतो. रबर ताणलेलं असेल तर काप उघडतो, आतलं ताजं रबर हवेला लागतं आणि ओझोन आणखी खोल शिरतो. सैल टोकात काप उघडतच नाही.

मग दुहेरी बंधच बुजवले तर? सरकीच्या तेलातल्या अशाच दुहेरी बंधांवर निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन घालून वनस्पती तूप करतात, तीच ही युक्ती. तिच्या शोधासाठी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांना 1912 चं नोबेल मिळालं. निकेलसारखा उत्प्रेरक नसेल तर हायड्रोजन त्या बंधांकडे ढुंकूनही पाहत नाही.

बंध बुजले हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रबरातून अवरक्त किरण सोडतात. प्रत्येक बंध स्प्रिंगसारखा आपल्याच लयीत थरथरतो आणि त्या लयीचे किरण गिळतो. नैसर्गिक रबरात दुहेरी बंधालगतचा हायड्रोजन 835 या तरंगसंख्येपाशी (म्हणजे एका सेंटिमीटरात तेवढ्या लाटा मावतात अशा किरणांपाशी) खूण उमटवतो. हायड्रोजन घालत गेलं की ती खूण खुजी होत जाते. नमुना तापवत वजन केलं, तर विघटनही आता जास्त तापमानाला सुरू होतं.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. नैसर्गिक रबरात सगळे बंध बुजवले तरी ते मऊच राहतं, कारण साखळीला चिकटलेले मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) तिला शिस्तीत रचू देत नाहीत. पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबरात ते गट नसतात. त्याच्या सरळ साखळ्या हायड्रोजन मिळताच स्फटिकासारख्या रचल्या जातात, आणि उष्णतामापीच्या (नमुना तापवताना तो किती उष्णता शोषतो हे नोंदणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर शंभर अंशांच्या पुढे वितळण्याचं शिखर उभं राहतं. ते आता रबर नाही, जवळजवळ पॉलिथिन आहे. पट्टी ज्याला बांधली होती, तो काळा पाइप त्याचाच.